केनियात आरोग्यसेविका म्हणून पाठवतो म्हणाले

मी एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका. राहते कळव्याला, कंत्राटी काम शहापूर तालुक्यात. कंत्राट कधी वाढेल, पगार कधी होईल, या खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी. अशात व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: केनियाच्या तुर्काना भागात ‘कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटियर’ हव्यात, मुदत एक वर्ष, राहणं-जेवण मोफत, वर महिना ६०० डॉलर मानधन.

ऑफिस वाशीला, सेक्टर १७ मध्ये. काचेचं दार, भिंतभर आफ्रिकेचा नकाशा आणि गोड बोलणाऱ्या मॅडम. लायसन्सचं विचारलं तर म्हणाल्या, “अहो ताई, ही नोकरी थोडीच आहे? ही सेवा. सेवेला कसलं लायसन्स?” सगळी मेख इथेच आहे. परदेशातल्या कामासाठी इथून माणसं भरायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, आणि त्या एजंटालासुद्धा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. ‘सेवा’ म्हटलं की हे सगळं गुंडाळून ठेवता येतं. खरी सेवा करायला नेणारे कसे वागतात तेही ऐका: संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, अर्जापासून निवडीपर्यंत एक रुपया मागत नाही, उलट निवडलेल्या माणसाला राहण्या-खाण्याचा भत्ता देतो.

माझे गेले ते असे: नोंदणी ४,५००, प्रशिक्षण ३५,०००, व्हिसा आणि परमिट ५२,०००, यलो फीव्हर कार्ड (पीतज्वराची लस घेतल्याचा पिवळा दाखला) ६,५०० आणि ‘परत मिळणारी’ अनामत ३५,०००. एकूण १ लाख ३३ हजार. त्यातला प्रशिक्षणाचा हप्ता रोख, बाकी कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात.

प्रशिक्षण ऐरोलीतल्या एका हॉलमध्ये झालं. टाय लावलेला एक पोरगा आम्हाला ओआरएस, म्हणजे जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, शिकवत होता. डब्ल्यूएचओची पुडी अर्ध्या लिटर पाण्यात टाका म्हणाला. पुडी एक लिटरची असते, हे आमच्या पाड्यावरच्या आयाही सांगतील. अर्ध्या लिटरमध्ये टाकली तर मीठ दुप्पट होऊन जुलाब लागलेल्या लेकराच्या जिवावर बेतायचं. मी तसं बोलले तर हसून म्हणतो, “ताई, आफ्रिकेचा प्रोटोकॉल वेगळा असतो.” हॉलमधल्या अर्ध्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. नर्सिंग सोडाच, काही जणी बारावी आर्ट्स करून आल्या होत्या.

बिंग फुटलं ते पिवळ्या कार्डामुळे. कुरिअरने कार्ड आलं, नाव माझं, खाली शिक्का, सही, बॅच नंबर, सगळं जागच्या जागी. फक्त सुई टोचलेली नव्हती. ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. विरघळवलेली कुपी सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. कार्डावरची तारीख कॅलेंडरला लावून पाहिली, तर रविवार. ही लस दहा दिवसांनी लागू धरतात आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. टोचून न घेता खोटं कार्ड नाचवणाऱ्याचं विमानतळावर काय होईल ते वेगळंच, ताप आला तर कार्ड कामाला येत नाही.

मग व्हिसाची चौकशी केली. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच बंद केलाय. ऑनलाइन प्रवास परवाना मिळतो, सुमारे ३० डॉलरला, आणि त्यावर काम करता येत नाही. रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. तिचा उल्लेख आमच्या कागदात कुठेच नव्हता.

आणि मुळात ही जागाच नाही! केनियाने २०२३ मध्ये एक लाखाच्या आसपास ‘कम्युनिटी हेल्थ प्रमोटर’ उभे केले, ते त्याच त्या गावचे. आपल्या आशाताईसारखं समजा. आशा त्याच गावची असावी लागते, कारण घरात शिरायचं, बाळंतिणीची चौकशी करायची, सासूला समजवायचं. तुर्काना बोलीचा एक शब्द न येणारी कळव्याची बाई तिथे दारोदार फिरून काय करणार? तिथल्या प्रमोटरला महिन्याला ५,००० शिलिंग मिळतात, म्हणजे ४० डॉलरच्या आतबाहेर. मला ६०० कोण देणार होतं?

ऑफिसला गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, महिन्याच्या भाड्याने होतं. पोलीस ठाण्यात आधी ‘हे सायबरचं’ म्हणाले, सायबरवाले म्हणाले ‘ऑफिस होतं ना, मग ठाण्यात जा’. शेवटी गुन्हा नोंदला भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली, म्हणजे आपलं जुनं चारशेवीस. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केल्याने खात्यातली थोडी रक्कम गोठली आहे, ती सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल. रोख दिलेले ३५ हजार १९३० च्या आवाक्यात येत नाहीत. फोन पैसे गेल्या गेल्या केला असता तर जास्त अडकले असते, असं तिथल्या हवालदार मॅडमनी सांगितलं.

तीच जाहिरात आता ‘मलावी’ नावाने फिरतेय, फोटोही तोच. तुमच्यापैकी कुणी वाशीच्या त्या ऑफिसात पैसे भरले असतील तर पावत्या, चॅट, खातं क्रमांक काढून ठेवा आणि जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. हद्द आमची नाही म्हणाले तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, मागा, तो नोंदवावाच लागतो.