डी५६०० वर ५० एमएम, दहा महिन्यांनंतर: आकडा बघून घेतली, अँगल बघायला हवा होता

गेल्या दसऱ्याला निकॉनची ५० एमएम एफ/१.८जी घेतली, त्याला आता दहा महिने होत आले. कॅमेरा डी५६००, सोबत आलेली १८-५५, म्हणजे किट लेन्स, आधीपासून होतीच. लेन्स कशी आहे ते सांगतेच, पण ह्या दहा महिन्यांत लेन्सपेक्षा तो ५० हा आकडाच मला जास्त कळलाय आणि तो आधी कळला असता तर मी खरेदीचा क्रम उलटा केला असता. ओळखीतले नवीन कॅमेरावाले सारखे विचारतात की पहिली प्राइम (झूम न होणारी, एकाच आकड्याची लेन्स) कुठली घेऊ, त्यांच्यासाठी हे एकदाच नीट लिहून ठेवतेय.

दुकानात मला सांगितलं होतं, "ताई, डोळे झाकून फिफ्टी घ्या, डोळ्याला दिसतं तस्संच दिसतं." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते अगदी खोटं नाही, पण ते दुसऱ्याच कॅमेऱ्याबद्दलचं आहे. रोलच्या जमान्यात, म्हणजे १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हापासून, ३५ एमएम फिल्मवरची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, तिचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर, आणि लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तो ५० एमएमसारखा आकडा, त्या कर्णाच्या आसपास असली की फोटो ना फार पसरट ना फार जवळ ओढलेला वाटतो, म्हणून ५० ला नॉर्मल म्हणायची पद्धत पडली. आजचे फुल फ्रेम कॅमेरे त्याच मापाचे. पण माझ्या डी५६०० चा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, कर्ण जेमतेम २८. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर "डोळ्यासारखं" दाखवणारी लेन्स २८ ते ३५ च्या मधली कुठलीतरी. हे दुकानात कोणी बोललं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

कळलं ते वहिनीच्या डोहाळजेवणाला. भावाच्या फ्लॅटमधला हॉल, मधोमध फुलांनी सजवलेला झोपाळा, हिरव्या साडीतली वहिनी, हातात फुलांचा धनुष्यबाण, दोन्ही बाजूंना मावशी, आत्या, काकू, चुलतबहिणी. घरात उजेड कमी असणार म्हणून मी मुद्दाम १.८ वाली लेन्सच लावून नेली होती (हा एफ नंबर जितका लहान तितका लेन्स जास्त उजेड आत घेते) आणि किट लेन्स घरी ठेवली होती. बाल्कनीच्या दाराला पाठ टेकवून उभी राहिले, झोपाळा साधारण दहा फुटांवर, आणि फ्रेममध्ये वहिनी, झोपाळ्याच्या दोन दोऱ्या, बस्स. मागे सरकायला जागाच नाही. मावशी कडेने ओरडतेय, "अगं आम्ही पण आहोत की इकडे!" आणि मी एकेका बाजूचे तुकडे घेतेय. सगळ्यांचा एकत्र फोटो शेवटी चुलतबहिणीने फोनवर काढला, तो त्याच जागेवरून आरामात आला. एकेकट्या बायकांचे मी काढलेले फोटो मात्र इतके सुंदर आले की आत्याने तिचा फ्रेम करून भिंतीवर लावलाय. दोन्ही गोष्टी त्याच एका लेन्सने त्याच दिवशी केल्या, म्हणून म्हटलं हे काय प्रकरण आहे ते नीट बघूया.

घरी आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या टाईल्स आहेत. रविवारी कॅमेरा जमिनीवर ठेवला, भिंतीपासून बरोबर पाच टाईल्स लांब म्हणजे दहा फूट, आणि भिंतीच्या कडेने फ्रेममध्ये किती टाईल्स मावतात ते मोजलं. ५० ला सव्वादोनच्या थोडं वर. झूम ३५ वर नेली तर तीन आणि वर थोडी. १८ ला साडेसहा. मग हिशोब केला तर तो अगदी सोपा निघाला, सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ, त्याला अंतराने गुणायचं. २३.५ ला ५० ने भागलं की ०.४७, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स जितकं अंतर असेल त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी रुंदी दाखवते. दहा फुटांवरून ४.७ फूट. ३५ असेल तर अंतराच्या दोन तृतीयांश, १८ असेल तर अंतराच्या सव्वापटीहून जास्त. आता कुठल्याही घरात शिरले की मी आधी फरश्या मोजते आणि कुठली लेन्स चालेल ते सांगू शकते. कॅमेरा उभा धरला तरी तेच गणित, सव्वापाच फुटांची बाई पायापासून डोक्यापर्यंत घ्यायची आणि वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवायची तर ह्या लेन्सने किमान बारा-तेरा फूट मागे जावं लागतं. आपल्याकडच्या किती बेडरूम्स तेवढ्या लांब असतात?

आता ५० म्हणजे नक्की काय, तर दहावीच्या विज्ञानातलं नाभीय अंतर. भिंगातून ऊन पाडून कागद जाळायचो ना, भिंग आणि तो पेटणारा ठिपका ह्यांतलं अंतर, तेच. ते भिंगाचं माप आहे, मागे कुठला कॅमेरा लावलाय ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अँगल ऑफ व्ह्यू, म्हणजे फ्रेममध्ये किती अंशांचं दृश्य मावतं तो कोन, मात्र दोघांचा मिळून ठरतो, लेन्स आणि सेन्सर. लेन्स मागे एक गोल चित्र पाडते, छोटा सेन्सर त्यातला मधला तुकडा घेतो, मोठा सेन्सर जास्त भाग घेतो. मित्राकडे डी७५० आहे, फुल फ्रेम, तर आम्ही गच्चीत ट्रायपॉड लावून माझी लेन्स आधी त्याच्या कॅमेऱ्यावर आणि मग माझ्यावर लावून समोरच्या बिल्डिंगचा फोटो काढला. त्याच्यात खिडक्यांच्या नऊ ओळी आल्या, माझ्यात सहा. मग त्याचा फोटो लॅपटॉपवर मधून कापला तर खिडक्या, गॅलरीवरची वाळत घातलेली चादर, मागची पाण्याची टाकी, सगळं माझ्या फोटोसारखंच एकमेकांच्या मागे-पुढे होतं, तसूभर फरक नाही. फुल फ्रेम माझ्या सेन्सरच्या साधारण दीडपट, म्हणून ५० गुणिले १.५ करून माझ्या कॅमेऱ्यावर लेन्स "७५ ची होते" असं लोक म्हणतात ते म्हणूनच मला खटकतं. ती ५० च राहते, फक्त ७५ ची लेन्स फुल फ्रेमवर जेवढं दाखवेल तेवढं दाखवते.

ह्यात एक मोठा घोळ आहे जो मी अगदी जाणकार लोकांच्या तोंडूनही ऐकलाय, की लेन्सवर डीएक्स (निकॉनचं माझ्यासारख्या छोट्या सेन्सरसाठीचं नाव) लिहिलं असेल तर आकडा आधीच बदलून छापलेला असतो. अजिबात नाही. डीएक्स ३५ आणि फुल फ्रेमसाठीची ३५, दोन्ही डी५६०० वर लावा, दोन्ही सारखंच दाखवणार. डीएक्सचा अर्थ एवढाच की तिचा तो गोल छोट्या सेन्सरपुरता केलेला आहे. डीएक्स लेन्स डी७५० वर लावली तर कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो १० च्या आसपास येतो. अजून एक, एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो किती उजळ येणार त्यासाठी, एफ नंबरला १.५ ने गुणायचं नसतं, १.८ हा १.८ च. पण हात हलण्याचा हिशोब मात्र गुणूनच, ७५ धरून करावा, ह्या लेन्समध्ये व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि मी शटर १/५० सेकंदावर ठेवून काढलेले बरेच फोटो हललेले निघाले, १/८० च्या खाली आता सहसा जात नाही.

फोटोची माहिती उघडून बघा, माझ्या कॅमेऱ्यात दोन आकडे दिसतात, फोकल लेंथ ५० आणि ३५ एमएम फिल्मच्या हिशोबाने ७५. फोनच्या फोटोतही असेच दोन असतात, खरी फोकल लेंथ जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, आणि जाहिरातीत २४ किंवा २६ छापतात तो फुल फ्रेमच्या भाषेतला. चुलतबहिणीच्या फोनमध्ये अख्खं डोहाळजेवण का मावलं त्याचं उत्तर तिथेच आहे.

बॉक्समधल्या कागदावर खरं तर सगळं लिहिलेलं होतं! अँगल ऑफ व्ह्यू ४७ अंश, आणि डीएक्स कॅमेऱ्यावर ३१ अंश ३० मिनिटं. मी तो कागद वॉरंटी कार्डासोबत ड्रॉवरमध्ये टाकला होता. पण तो वाचताना एक लक्षात ठेवा, निकॉन हा कोन कर्णात मोजून देते, आडवा कोन त्याहून कमी असतो, फुल फ्रेमवर साधारण ४० आणि माझ्यावर २६. आणि कोनाला सरळ १.५ ने भागून चालत नाही, ५० ला जमल्यासारखं दिसतं पण वाइडला फसतं. १८ एमएम फुल फ्रेमवर आडवी बरोबर काटकोन दाखवते, ९० अंश, भागिले १.५ केलं तर ६० यायला हवेत पण डी५६०० वर ६६ येतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मला वाटायचं की ५० चेहरा छान दाखवते आणि १८ नाक मोठं करते, म्हणजे हा लेन्सचा गुण. तर एका रविवारी सकाळी लवकर मुलीला घेऊन शनिवारवाड्याला गेले, दिल्ली दरवाज्यासमोर तिला उभं केलं, दरवाजा तिच्या मागे अंदाजे साठ फुटांवर. आधी १८ लावून चार फुटांवरून, मग ५० ने अकरा फुटांवरून, असं की तिचा चेहरा दोन्हींत सारख्याच आकाराचा यावा. पहिल्यात दरवाजा मागे कुठेतरी छोटासा, दुसऱ्यात तोच दरवाजा अडीच पट मोठा, बुरुजांसकट तिच्या खांद्यावर आल्यासारखा, आणि गणित केलं तरी अडीच पटच येतं. मग तिसरा फोटो काढला, १८ च लावून पण अकरा फुटांवरून, आणि घरी येऊन मधला भाग मोठा केला. तो हुबेहूब दुसऱ्यासारखा! डिटेल कमी, पण दरवाजा तेवढाच मोठा, नाक तसंच. म्हणजे चेहरा बदलला तो मी मागे गेले म्हणून. लेन्स फक्त किती कापायचं ते ठरवते, कोण कोणाच्या मागे किती मोठं दिसणार हे आपण कुठे उभे आहोत त्यावर. पाच वर्षं फोटो काढतेय आणि हे मला ह्या लेन्समुळे कळलं.

मग ही लेन्स कशासाठी, तर माणसांसाठी. यंदा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली तेव्हा दिवे घाटात गेले होते, फक्त हीच घेऊन. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी कडेला दोन मिनिटं टेकायला थांबली. "आजी, फोटो काढू का?" विचारलं तर म्हणाली "काढ की माय," आणि पदर नीट केला. आठ फुटांवरून उभ्या फ्रेममध्ये साधारण पावणेचार फूट उंची मावते, कमरेपासून वृंदावनाच्या मंजिऱ्यांपर्यंत सगळं बसलं, मागचा घाट आणि पताका धूसर, आणि कपाळावरचा बुक्का घामाने एका बाजूला ओघळलाय तो इतका स्पष्ट की बोट लावावंसं वाटतं. आठ फूट हे अंतरही असं की माणूस दबत नाही, बोलता येतं. लेन्स १८५ ग्रॅमची, दिवसभर गळ्यात असून मान दुखली नाही. फोकस ४५ सेंटिमीटरच्या आत होत नाही, त्यामुळे ताटातला मोदक किंवा हातावरची मेंदी अगदी जवळून घ्यायला जाल तर अडाल. पूर्ण उघडी म्हणजे १.८ वर ठेवण्यापेक्षा एफ/२.८ वर मला ती जास्त आवडते, दोन्ही डोळे फोकसमध्ये येतात.

घरातल्या कार्यक्रमांसाठी मी चैत्रात ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स घेतली, सेकंडहँड. ४४ अंश, ३० सेंटिमीटरवरून फोकस, आणि त्या दुकानातलं "डोळ्याला दिसतं तसं" हे वाक्य माझ्या कॅमेऱ्यावर हिच्याबाबतीत खरं आहे. डीएक्स कॅमेरा असेल, पहिली प्राइम असेल आणि फोटो बहुतेक घरातले काढणार असाल तर आधी ३५ घ्या, ५० नंतर. मुलाबाळांचे, गच्चीतले, बागेतले, वारीतले चेहरेच हवे असतील तर थेट ५०, मी माझी कधीच विकणार नाही. आणि घ्यायच्या आधी किट लेन्स एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर ठेवून झूमला हात न लावता घरात वापरून बघा, ह्याला एक पैसा लागत नाही.

बारशाला ३५ नेली होती. पाळण्याभोवतीच्या सगळ्या बायका मावल्या, मावशीसकट.