चार पेगवाली वीस इंची सायकल: एंडो शिकायला पुरते का?

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे सायकलच्या दुकानात 'स्टंट सायकल' मागितली की बहुतेक वेळा एकच माल पुढे येतो: वीस इंची चाकं, चार पेग (चाकांच्या बाजूला बसणारे, पाय ठेवायचे दांडे), हँडलखाली जायरो (ब्रेकची केबल गुंतू न देणारा फिरता भाग), लोखंडी फ्रेम आणि चौदा किलोच्या आसपास वजन. स्टिकर आणि रंग बदलतात, सांगाडा तोच. या परीक्षणात तिला एकाच कसोटीवर घासलंय. फ्लॅटलँडचा, म्हणजे सपाट जमिनीवरच्या बीएमएक्सचा पहिला धडा एंडो; तो हिच्यावर नीट शिकता येतो का? येतो, पण दुकानातून आणली तशी नाही. पुढचा ब्रेक, स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) आणि पुढचा ॲक्सल (चाकाचा आस) या तीन जागा आधी हाताखालून घालाव्या लागतात.

एंडोत पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलायचं असतं, त्यामुळे सुरुवात ब्रेकपासून. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक न्या आणि रिमला लावून बघा. चिकटला तर रिम लोखंडी, वर क्रोम चढवलेली. कोरड्या दिवसांत ती चालून जाते, पण खानापूरच्या पावसात ओली झाली की ब्रेकरबर तिच्यावरून नुसतं सरकत राहतं. थोडे पैसे जास्त गेले तरी ॲल्युमिनियमच्या रिमचंच मॉडेल घ्या. घरी आणल्यावर रिम स्पिरिटच्या फडक्याने पुसा, रबरावरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासून काढा. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा, आणि रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा मिलिमीटरभर आत वळवा. मग सायकलवर न बसता तिच्या शेजारी चालत पुढचा ब्रेक दाबा आणि हँडल पुढे ढकला. मागचं चाक अलगद उचललं गेलं तर ब्रेक तयार. रिम रबरातून सरकत राहिली तर अजून काम बाकी आहे. तोवर सायकलवर चढून प्रयत्न करू नका.

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते आणि घाईत जोडणाऱ्याकडून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा बसतो. ओळख सोपी आहे: पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला दिसला पाहिजे. मागे, फ्रेमकडे तोंड करून असेल तर आधी तो सरळ करून घ्या.

स्टेम चार बोल्टांचाच हवा. एंडोत अंगाचा बराचसा भार हँडलवर येतो, आणि बोल्ट ढिले असले की हँडल पुढे फिरतं. हा पडण्याचा सगळ्यात वाईट प्रकार, कारण हात एकदम निघून जातात. चारही बोल्ट एकाआड एक, कोपऱ्याकोपऱ्याने थोडेथोडे आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि हेडसेटमध्ये, म्हणजे चिमटा फिरतो त्या बेअरिंगमध्ये, खटखट झाली, तर आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा बोल्ट खटखट थांबेपर्यंतच आवळा, मग बाजूचे घट्ट करा. हा क्रम उलटा केला तर वरचा बोल्ट कितीही आवळा, खटखट जात नाही.

पेगांच्या बाबतीत कंपन्यांनी सर्रास चालढकल केलेली दिसते. पेगचं भोक चौदा मिलिमीटरच्या ॲक्सलचं असतं. मागे तेवढा ॲक्सल असतोही, पण पुढचा बहुतेक वेळा तीन अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. मधल्या पोकळीत बुश, म्हणजे फट भरणारी नळी, नसला की पेग पाय ठेवताच कलतो, आणि आठवड्याभरात ॲक्सलचे आटे खाऊन टाकतो. आपल्याकडे यावर उपाय हाताशी आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून बाहेरून चौदा, आतून दहा मिलिमीटरचा लोखंडी बुश कातून घ्या. त्याच फेरीत पेगांना नर्लिंगही (पकडीसाठी खरखरीत खाचा) करून घ्या, कारण त्यांच्यावरचा गुळगुळीत रंग ओल्या बुटाखाली साबणासारखा निसटतो. नट बसल्यावर ॲक्सलचं टोक त्याच्या तोंडाशी बरोबरीने आलं पाहिजे. आत बुडालेलं दिसलं तर तो पेग वापरू नका. पुढच्या नटाला पंधराचा आणि मागच्याला सतराचा बॉक्स पान्हा लागतो. तो पातळ भिंतीचा नसेल तर पेगच्या आत जात नाही.

पहिले काही आठवडे मागचे दोन्ही पेग काढूनच ठेवा. एंडो चुकला की माणूस मागे उतरतो, आणि उतरताना नडगी नेमकी तिथेच आपटते.

आता प्रत्यक्ष एंडो. सीट पूर्ण खाली करा. सिमेंटच्या कोरड्या अंगणात खडूने एक आडवी रेघ ओढा. शहाबादी फरशी नको. ती सकाळच्या दवानेसुद्धा निसरडी होते. चालण्याच्या वेगाने रेघेकडे या, पेडल समतल, उभे राहून, गुडघे किंचित वाकवून, नजर तीन-चार मीटर पुढे. पुढच्या ब्रेकवर एक किंवा दोन बोटं. रेघेवर ब्रेक दाबा: झटका न देता, पण अर्ध्या सेकंदात पूर्ण. त्याच क्षणी हँडल पुढे ढकला, कंबर वर येऊ द्या आणि चवडे खाली वळवून पेडल मागे-वर ओढा. पहिलं लक्ष्य फक्त वीतभर. वीतभर उंची सलग दहा वेळा जमली की मगच गुडघ्यापर्यंत. मागचं चाक टेकायच्या जरा आधी ब्रेक सोडा, म्हणजे सायकल धपकन न आपटता पुढे सरकत उतरते.

चाक उचलतच नसेल तर बहुधा बूड सीटवर टेकलेलं असतं. सायकल आडवी वळत असेल तर एका हाताचा जोर जास्त पडतोय. ब्रेक दाबताना हँडल काटकोनात आहे का, ते बघा. तोल पुढे जाऊन पडायला होत असेल तर कोपर वाकून छाती हँडलवर येत असते. हात जवळजवळ सरळ ठेवा, आणि तोल गेलाच तर पहिल्यांदा ब्रेक सोडा. ब्रेक सुटला की चाक फिरतं आणि मागची बाजू आपोआप खाली येते. हे सोडणं वीतभर उंचीवरच वीस-पंचवीस वेळा मुद्दाम करून बोटांना शिकवा. डोक्याला हेल्मेट, नडगीला फुटबॉलचे पॅड आणि पायात सपाट तळाचे कॅनव्हास बूट हवेतच. खिळे असलेल्या धातूच्या पेडलपेक्षा प्लॅस्टिकची पेडल शिकणाऱ्या मुलांना बरी.

हवा टायरच्या कडेला छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ भरा. मऊ टायरवर पुढचं चाक डुलतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर जपून, वीस इंची ट्यूब क्षणात भरते.

जायरो बघून भुलू नका. तो मागच्या ब्रेकची केबल गुंतू नये म्हणून असतो, पण या सायकलींत पुढच्या ब्रेकची केबल बाहेरूनच येते, त्यामुळे हँडल गोलगोल फिरवलं की तीच गुंडाळते. पुढची केबल चिमट्याच्या नळीतून न्यायला पोकळ बोल्ट लागतो. एंडोला मात्र यातलं काहीच लागत नाही.

एंडो पक्का झाला की पुढची पायरी रॉक वॉक: पुढच्या चाकावर मागची बाजू अर्धा फेरा फिरवायची, मग मागच्या चाकावर पुढची. मधल्या क्षणी सायकल उलटी सरकते आणि साध्या फ्रीव्हीलवर पेडलही उलटी फिरतात, म्हणून पाय त्यांच्याबरोबर फिरवत ठेवावे लागतात. फ्रीकोस्टर हबवर पेडल थांबून राहतात. पण त्या टप्प्यावर पोचलेल्या मुलाला हब घेऊन देऊ नका. या फ्रेमची वरची नळी फ्लॅटलँडसाठी लांबच पडते, वजनही जास्त. ते पैसे आखूड फ्रेमच्या खऱ्या फ्लॅटलँड सायकलसाठी साठवा.