निर्वात पद्धतीने अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा: हेडलाइटच्या जुन्या रिफ्लेक्टरचे काम कसे झाले

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एका गाडीच्या हेडलाइटमधली रिफ्लेक्टरची जोडी मी निर्वात पद्धतीने अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याकडे पाठवली होती. रिफ्लेक्टर पितळी पत्र्याचे आणि मूळचा मुलामा चांदीचा. डाव्या रिफ्लेक्टरवरची चांदी काळवंडली होती. उजव्यावर आधीच्या मालकाने पॉलिश घासून घासून बल्बच्या भोकाभोवतीचे पितळच उघडे पाडले होते, त्यामुळे त्या बाजूचा प्रकाश पिवळट आणि विस्कटलेला पडत असे.

कारखान्याकडे वळण्यापूर्वी मी एका सुट्या, निकामी रिफ्लेक्टरवर ‘क्रोम’ म्हणून विकला जाणारा स्प्रे मारून पाहिला. वाळल्यावर तो समोरून पाहायला चकचकीत दिसला, पण त्यात स्वतःचा चेहरा पाहू गेल्यास नाकडोळे ओळखू येत नव्हते. असे रंग म्हणजे पारदर्शक द्रवात मिसळलेले धातूचे बारीक कण असतात. ते प्रकाश परत फेकतात खरे, पण नेमक्या दिशेने नव्हे, तर वाटेल तिकडे. खऱ्या क्रोमच्या मुलाम्याचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. बंपरवर देखणा दिसणारा क्रोम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 65 टक्केच परत पाठवतो, ताजे अ‍ॅल्युमिनिअम सुमारे 90 टक्के आणि स्वच्छ चांदी 95 टक्क्यांहून अधिक. त्यामुळे कोणी रिफ्लेक्टरला क्रोम करून देतो म्हणाले, तर त्या टिकाऊ चमकेच्या मोबदल्यात आपण रस्त्यावरचा बराचसा उजेड गमावतो हे ध्यानात ठेवावे.

मग पुन्हा चांदीच का चढवली नाही, असे कोणी विचारील. ज्यांना गाडी मूळ रूपात प्रदर्शनात उभी करायची आहे, त्यांनी चांदीच चढवावी. परंतु हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो, आणि हेडलाइटच्या काचेला लावलेले साधे व्हल्कनाइझ केलेले (गंधक घालून टणक केलेले) रबरी गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, स्वतःच गंधक सोडत असल्यामुळे बंद दिव्यातही हा प्रकार चालू राहतो. दर वेळी पॉलिश करताना थोडी चांदी जातेच, आणि मुलामा मुळात काही मायक्रॉनचाच असतो. खगोलशास्त्रज्ञांनी हाच हिशेब करून चांदी सोडली होती: अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतील 100 इंची दुर्बिणीच्या आरशावर 1935 साली चांदीऐवजी अ‍ॅल्युमिनिअमचा थर देण्यात आला. ज्या गाडीने रात्री प्रत्यक्ष रस्त्यावर जायचे आहे, तिच्यासाठी मला हा निर्णय योग्य वाटला.

आता कारखान्याच्या कामाविषयी. या कामातला मुलामा देण्याचा भाग सर्वांत लहान असतो आणि पूर्वतयारी सर्वांत मोठी, हे मला या व्यवहारात कळले. आधी जुनी चांदी काढून टाकतात, मग पोचे ठोकून पत्रा समतल करतात, बफिंग करतात आणि त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा, एक थर देऊन तो भट्टीत भाजतात. हा लॅकर वाहून बसताना बफिंगचे बारीक ओरखडे भरून काढतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यानंतर रिफ्लेक्टर कक्षात ठेवून आतली हवा काढून घेतली जाते, टंगस्टनच्या तारांवर अ‍ॅल्युमिनिअम तापवून त्याची वाफ केली जाते आणि ती वाफ सरळ रेषेत जाऊन समोरच्या पृष्ठभागावर बसते. हा थर साधारणपणे मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका असतो. इतका पातळ थर खालचा एकही दोष झाकत नाही, उलट तो उठावदार करून दाखवतो.

पोच्यांबाबत मला कारखान्याचे विशेष कौतुक वाटते. रिफ्लेक्टरचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, असतो आणि बल्बची तार त्याच्या नाभीशी असली तरच किरण एकमेकांना समांतर बाहेर पडतात. पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी एक अंशाने कलला, तर तेथून परतणारा किरण दोन अंशांनी वळतो, आणि 50 मीटर अंतरावर तो जवळजवळ पावणेदोन मीटर बाजूला पडतो. उजव्या रिफ्लेक्टरच्या कडेजवळ असाच एक पोचा होता. तो पूर्ण काढायचा तर पत्रा ताणला जाऊन आजूबाजूचा आकार बिघडेल, असे त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रासह कळवले आणि माझी संमती घेऊनच तो अर्धवट ठेवला. आज तो दिसतो, पण प्रकाशात त्याचा फारसा उपद्रव जाणवत नाही.

तक्रारीची जागाही आहे, आणि ती क्षुल्लक नाही. बल्बचा होल्डर रिफ्लेक्टरवर जेथे टेकतो, ती बैठक त्यांनी झाकून ठेवायला हवी होती. ती तशीच राहिल्याने तिच्यावर लॅकर चढला, आणि माझ्या गाडीत बल्बची अर्थिंग (वीज परत जाण्याची वाट) रिफ्लेक्टरच्या पत्र्यातूनच होत असल्याने जोडणी केल्यावर एक दिवा लुकलुकू लागला तर दुसरा पेटेचना. मी आधी तारा तपासल्या, मग फ्यूज, मग स्विच, आणि एक अख्खी संध्याकाळ वाया घालवल्यावर दोष बैठकीत सापडला. तेवढाच कडा अलगद खरवडून काम भागले, पण नव्या मुलाम्याच्या शेजारी धारदार पाते चालवताना हात थरथरत होता. याखेरीज डाव्या रिफ्लेक्टरच्या कडेपाशी थराखाली धुळीचा एक कण अडकला आहे. तो मी सोडून दिला.

प्रकाशाबद्दल बोलण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. जोडी पाठवण्याआधीच मी तारा आणि अर्थिंग नवे करून हेडलाइटसाठी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसवला होता. बल्बला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे गंजलेल्या जोडण्यांचा दोष अनेकदा रिफ्लेक्टरच्या माथी मारला जातो. माझ्या बाबतीत ते कारण आधीच दूर झाल्याने, मुलाम्यानंतर दिसलेला फरक मुलाम्याचाच मानायला हरकत नाही. भिंतीवर प्रकाश पाडून पाहिल्यावर दोन्ही बाजूंचे मधले तेजस्वी पट्टे सारखे आणि ठळक दिसतात, पिवळी झाक गेली आहे, आणि मुख्य म्हणजे पूर्वी झाडांच्या शेंड्यांवर वाया जाणारा प्रकाश आता रस्त्यावर पडतो.

थरावर संरक्षक लॅकरचा दुसरा हात दिलेला आहे, तरीही तो पुसण्यासाठी नाही. चांदीच्या रिफ्लेक्टरला कापडाने घासायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती येथे विसरावी, कारण एका घासण्यात ओरखडे पडतात आणि खालचा थर उघडा पडला तर बोटाबरोबर निघून येतो. धूळ रबरी फुग्याने हवा मारून उडवावी आणि बल्ब बदलताना आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. ओलावा हा या थराचा मोठा शत्रू असल्याने मी काचेचे गॅस्केटही बदलून कॉर्कचे बसवले. सीलबंद बीमच्या दिव्यांना मात्र हा उपाय लागू नाही, कारण त्यांत काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्रच बंद केलेली असते आणि ते निकामी झाले की अख्खे बदलावे लागतात.

याच कारखान्याकडे मी पुढची जोडी पाठवीन, फक्त त्या वेळी होल्डरच्या बैठकीवर आणि लहान पायलट बल्बच्या भोकाच्या कडेवर स्वतः चिकटपट्टी लावून, तेथे मुलामा नको असे खोक्याच्या आतल्या चिठ्ठीवर ठळक लिहून पाठवीन.