काँग्रेस की ठाकरेंची सेना, कोण जास्त आटलं?

परळचा भाचा विचारत होता, मामा पक्षात काम करायचंय, पण काँग्रेस संपली म्हणतात आणि ठाकरेंची सेनाही, मग जायचं कुठे. भाषणं बाजूला ठेवू, मुंबईपुरतं बोलू.

आकडे आधी. २००९ ला मुंबईतल्या सहापैकी पाच खासदार काँग्रेसचे होते, २०२४ ला एक. त्याच वर्षी विधानसभेला ३६ पैकी ३ जागा. ठाकरेंचं तर पक्षाचं नाव आणि धनुष्यबाणही फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने शिंदेंना दिलं, तरी मशालीवर मुंबईत १० आमदार आले. म्हणजे इथे तरी काँग्रेस जास्त आटली.

खरा फरक शाखेचा. संध्याकाळी शाखेत जाऊन बघ, बाहेर फळा, आत कोणी पाण्याची तक्रार घेऊन, कोणी अॅडमिशनसाठी, आणि एक काका रजिस्टरमध्ये नावं लिहितायत. फुटीनंतर काही शाखांवरून भांडणं झाली, माणसंही गेली, पण सवय टिकलीय. काँग्रेसचं काम मात्र नेत्याच्या ऑफिसभोवती फिरतं, धारावी-मालाडला नेता जागेवर आहे म्हणून पक्ष आहे, बाकी ठिकाणी बॅनर.

देशभरात बघितलं तर मात्र उलटं, २०२४ ला लोकसभेत काँग्रेसचे ९९ आले, ठाकरेंचे ९. दिल्लीपर्यंतचं राजकारण करायचं असेल आणि थांबायची तयारी असेल तर काँग्रेस. वॉर्डातली कामं, उद्यापासून, तर शाखा. आणि लगेच सत्ता हवी असेल तर बाबा दोन्ही नकोत.