घरगुती अमली पदार्थ चाचणी पट्टी : एका शिक्षकाचा अभिप्राय

16 ते 19 वयोगटातील मुलामुलींना मी शिकवतो आणि त्यांचे पालक वारंवार विचारतात, म्हणून लघवीच्या नमुन्यावर चालणारी ही पट्टी मी बारकाईने पाहिली. ‘सी’ (पट्टी नीट चालल्याची खूण) रेघेसोबत ‘टी’जवळ (प्रत्यक्ष चाचणीच्या जागी) फिकट रेघ उमटली तरी पदार्थ आढळला नाही असेच समजायचे असते, ही उलटी वाटणारी रीत माहितीपत्रकात इतक्या बारीक अक्षरांत छापली आहे की घाबरलेले पालक हमखास चुकीचा अर्थ काढतील. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही अफूवर्गाचा निकाल सकारात्मक येऊ शकतो, तर थिनरसारखी हुंगण्याची द्रव्ये ही पट्टी पकडतच नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतून खातरजमा केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश कित्येक आठवडे राहू शकतो, म्हणजे ज्याने मनापासून सोडले आहे तोही दोषी दिसतो, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते. वसतिगृहात पदार्थ कोणी पुढे केला, मुलाने तो का घेतला किंवा कसा नाकारला, हे तर कोणत्याच पट्टीवर उमटत नाही. मुलाच्या नकळत नमुना घेण्यास माझा ठाम विरोध आहे. समुपदेशकाच्या सल्ल्याने आणि मुलाच्या संमतीने वापरणार असाल, तरच ती विकत घ्यावी.