अल्जिब्रावालं फिजिक्स वन: एक सेमिस्टर काढल्यावरचा अनुभव

न्यूजर्सीत कम्युनिटी कॉलेजला फिजिक्स वन केलं, कॅल्क्युलस नसलेलं, मेकॅनिक्स आणि हीट. फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटला अप्लाय करणाऱ्यांना सिलॅबस माहितीच असतो, तो सांगत बसत नाही.

पुस्तक राईस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं, पीडीएफ फुकट आणि कायमची आपली. होमवर्क करायला मात्र एका ऑनलाइन सॉफ्टवेअरचा कोड पैसे भरून घ्यायचा, तोही सेमिस्टर संपलं की बंद! पैशाचा राग आहेच, पण ते सॉफ्टवेअर तपासतं कसं याचा जास्त आहे. ५.० किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार, घर्षण नाही, उताराच्या दिशेने बल किती? २४.५ न्यूटन लिहिलं तर लाल, कारण सार्थ अंक (मापातले भरवशाचे अंक, ५.० मध्ये दोन) दोनच हवेत, म्हणजे २५. बरं, नियम आहे, मान्य. पण साइनच्या जागी कोसाइन घेऊन ४२ लिहिणाऱ्यालाही तेच लाल आणि तेवढेच मार्क गेले. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, तर ते बघतच नाही, आणि मेकॅनिक्स म्हणजे ती आकृतीच आहे हो, कुठला बाण कशामुळे आणि कुठे, हे जमलं की उरतं ते दहावीपर्यंतचं बीजगणित.

सप्टेंबरात मी सगळ्यांना सांगत होते की कॅल्क्युलसवालंच घ्या, इथे सूत्रं कुठून आली तेच कळत नाही. आता नाही सांगणार. वेग-काळाच्या ग्राफचा चढ म्हणजे त्वरण, खालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, एवढ्यावर स्थिर त्वरणाची सगळी सूत्रं निघतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, म्हणून ताशी ४० मैलांनी जाणाऱ्या गाडीला तेवढाच ब्रेक दाबून थांबायला ताशी २० मैलवालीच्या चौपट अंतर लागतं, हे कळल्यापासून मी हायवेवर पुढच्या गाडीपासून लांबच राहते.

आणि हीट तर मला फारच आवडलं. १ ग्रॅम उकळतं पाणी १०० वरून ३७ अंशांवर येताना साधारण २६४ ज्यूल देतं, पण १०० अंशांची तेवढीच वाफ नुसतं पाणी होतानाच २२५६ ज्यूल देते आणि वर ते २६४ आहेतच. म्हणजे जवळपास साडेनऊ पट. इडलीपात्र उघडताना वाफ इतकी का भाजते ते आकड्यांत दिसलं! हा चॅप्टर घाईत उरकू नका, आमच्याकडे शेवटच्या दोन आठवड्यांत कोंबला होता.

आता फिजिक्स टूला परत नवीन कोड घ्यायला सांगतायत. मी प्रोफेसरांना मेल टाकलाय, आकृत्या काढून कागदावर होमवर्क दिला तर चालेल का म्हणून. उत्तर यायचंय, तोवर मी काही पैसे भरत नाही.