खडीचा वाफा आणि शेवाळ खाणारे मासे: अकरा महिन्यांचा अनुभव

गोरेगावात आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे दुपारी दोनपर्यंत ऊन येणारी थोडी मोकळी जागा आहे. मागच्या ऑक्टोबरात तिथे आठ बाय पाच फुटांचं, दोन फूट खोल तळं केलं. पाणी झिरपू नये म्हणून काळं जाड लायनर, साधारण दोन हजार लिटर पाणी, एक कुमुदिनी आणि डासांच्या अळ्यांसाठी वीसेक गप्पी. मुंबईत उघडं पाणी ठेवायचं तर गप्पी हवेतच, महापालिकाही हिवताप रोखण्यासाठी विहिरींत आणि टाक्यांत तेच सोडते.

शेवाळासाठी कुर्ल्याहून तीन-तीन इंचांचे दोन सकर मासे आणले. "हे सोडा, तळं आरशासारखं राहील," असं सांगून ते विकले जातात. नोव्हेंबरअखेर पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं, पुढे कुमुदिनीची देठंही दिसेनात. सकर तळाशी मजेत होते. पाणी हिरवं करणारं शेवाळ सुट्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचं असतं. सकर फक्त दगडावर किंवा भिंतीवर चिकटलेलं खरवडतो. शिवाय खातो त्यातलं बरंचसं विष्ठेतून परत पाण्यात टाकतो आणि त्याच खतावर नवं शेवाळ वाढतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुढची चूक टळली असती.

ती चूक म्हणजे औषध. डिसेंबरात एका दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून मापाने टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे गप्पी पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत होते. शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. तीन दिवसांत रोपांबरोबर आलेल्या सगळ्या गोगलगायी मेल्या. मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं: मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. तांबं गोगलगायींना विषासारखं असतं. त्या हाताने वेचून काढताना फार वाईट वाटलं. बरंचसं पाणी बदललं आणि तेव्हापासून तळ्यात कसलंही औषध घातलेलं नाही.

जानेवारीत, रोपांकडूनच पाणी साफ करून घ्यायला, तळ्याला लागून चार बाय अडीच फुटांचा वाफा बांधला, म्हणजे तळ्याचा चौथा हिस्सा. तळाशी भोकं पाडलेला पाइप, वर फूटभर काळी खडी. तळ्यातला पंप पाणी पाइपात ढकलतो, ते खडीतून वर चढतं आणि काठावरून परत तळ्यात पडतं. खडी चार वेळा धुतली, तरी पहिला आठवडा पाणी राखाडीच होतं. पांढरे संगमरवरी खडे स्वस्तात मिळत होते, पण त्यातला चुना पाण्यात उतरतो म्हणून घेतले नाहीत. पंप ३८ वॅटचा, चोवीस तास चालू. महिन्याला सत्तावीस युनिटांच्या आसपास वीज लागते.

माती अजिबात नाही. रोपांची मुळं धुऊन थेट खडीत लावली, म्हणजे त्यांना पाण्यातल्याच घाणीवर जगावं लागतं. कर्दळ सगळ्यात खादाड. सहा आठवड्यांत कमरेएवढी झाली. वेखंड सावकाश वाढतो, मेमध्ये पानांची टोकं करपली, पण पान चुरगळल्यावर येणारा तो वास मला फार आवडतो आणि त्याला कीड लागली नाही. ब्राह्मी काठावरून खाली उतरली आहे आणि गप्पींची पिल्लं तिच्यात लपतात. अळूही जोमात आहे, पण तळ्यात औषध पडलं होतं म्हणून आई त्याची पानं स्वयंपाकाला घेत नाही. वडीचं अळू कुंडीत वेगळं आहे. छत्रीगवत नको होतं असं आता वाटतं, त्याची पिल्लं सगळीकडे उगवतात.

पानकणीस मुद्दामच आणलं नाही, त्याच्या टोकदार मुळांनी लायनर फाटतं. जलपर्णी दोघातिघांनी सुचवली. ती पाणी झपाट्याने साफ करते हे खरं आहे, पण पवई तलावाचं तिने काय केलंय ते मी पाहिलंय. माझ्या घरून तिचं एकही रोप नाल्यात जाऊ नये, म्हणून लावलीच नाही.

पाणी लगेच निवळलं नाही. पाच आठवडे काहीच फरक दिसेना, मार्चच्या मध्यात एका सकाळी तळाचे गोटे दिसले. मेच्या उन्हातही ते दिसत राहिले. दर पंधरा दिवसांनी कर्दळीची जुनी पानं कापून बाहेर नेते. पाण्यातलं खत खऱ्या अर्थाने बाहेर जातं ते याच वाटेने.

सकर मात्र जूनपर्यंत नऊ इंचांचे झाले. गाळ ढवळायचे, कुमुदिनीची कोवळी पानं कुरतडायचे. एका दुकानदाराने ते परत घेतले. कृपा करून हा मासा तलावात सोडू नका, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे आणि आपल्या नद्या-तलावांत आधीच पसरला आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडावरचं शेवाळ खाणारा आपला मळ्या मासा मनात होता, पण त्याला वाहतं पाणी लागतं, दोन फुटी तळ्यात त्याचे हाल होतील. आता काठाचं शेवाळ सहा काळे मॉली मासे आणि नव्या रोपांबरोबर आलेल्या गोगलगायी खातात. तेवढं पुरतं.

जुलैच्या मुसळधार पावसात तळं भरून वाहिलं आणि काही गप्पी वाहून गेले. ओसंडण्याच्या तोंडावर आता जाळी आहे. ऑगस्टमध्ये वाफ्याची धार बारीक झाली. कर्दळीची मुळं खडीत गच्च भरली होती. गाळ उपसायला वाफ्यात एक उभा पाइप ठेवायला हवा होता, तो मी ठेवला नव्हता. अर्धा वाफा उकरून तो पाइप बसवला आणि निम्मी कर्दळ काढली. ते कंद ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेत. पश्चिम उपनगरात कुणी वाफा करत असेल तर न्यायला या, सोबत वेखंडाचा तुकडाही देईन.